एकाच माणसाचा पगार परवडतो, तर मार्केटिंगचा घ्यावा की कामं सांभाळणारा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय धरून बोलतेय ते कळेल. पुण्यात कोथरूडला तुमचा चार जणांचा डिझाइन स्टुडिओ आहे आणि हे पाचवं वर्ष. लोगो, पॅकेजिंग, कॅटलॉग, अधूनमधून प्रदर्शनाचे स्टॉल अशी कामं करता. चार महिने रात्री दहापर्यंत दिवे चालू, मग दोन महिने फोन वाजत नाही. आत्ता चौदा कामं उघडी आहेत, महिन्याला साधारण पाच संपतात, आणि तरी खात्यात पगारापुरतेच पैसे असतात. एका माणसाला पंचवीस-तीस हजार देता येतील. तो मार्केटिंगला घ्यावा की प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून, हा तुमचा प्रश्न.

मी एरंडवण्यात बावीस वर्षं हेच काम करतेय. आज आम्ही सात जण आहोत. मधे एकदा अकरा होतो, तेव्हा महिन्याअखेर हातात आजच्यापेक्षा कमी उरायचं. त्यामुळे माणूस वाढवण्याबद्दल मी जरा सावध बोलेन.

माझं उत्तर असं: माणूस कामं सांभाळणारा घ्या, तोही आधी अर्ध्या दिवसाचा. मार्केटिंग तुम्ही स्वतः करा, आठवड्यातली एक ठरलेली सकाळ देऊन. याला अपवाद आहेत, ते शेवटाकडे सांगते. पण आधी कारण सांगायला हवं, कारण तुमचा प्रश्न ज्या पद्धतीने मांडलाय त्यातच थोडी गल्लत आहे असं मला वाटतं.

काम आणणं आणि काम पार पाडणं ही तुम्हाला दोन खाती वाटतायत. चार जणांच्या स्टुडिओत ती दोन्ही एकाच माणसाच्या दिवसातून जातात, म्हणजे तुमच्या. तुम्ही प्रेसमध्ये रंग तपासत उभ्या असता तेव्हा नवीन माणसाला फोन होत नाही. तो न झाल्याचं त्या आठवड्यात काही जाणवतही नाही. मी एका वहीत प्रत्येक ग्राहकाशी पहिलं बोलणं झाल्याची तारीख आणि ॲडव्हान्स आल्याची तारीख लिहून ठेवते. कारखानदारांच्या बाबतीत हे अंतर बहुतेक वेळा तीन-चार महिन्यांचं निघतं. कॅफे, बुटीक, नवं क्लिनिक असेल तर दोन-तीन आठवड्यांत काम सुरू होतं. तुमचे बहुतेक ग्राहक भोसरी-चाकणचे कारखानदार आहेत असं तुम्ही लिहिलंय. मग दिवाळीनंतरचा जो शुकशुकाट तुम्हाला दरवर्षी जाणवतो, तो जुलै-ऑगस्टच्या गर्दीत फोन न केल्यामुळे आलेला असतो. आणि गर्दी का होते, तर कामं वेळेवर बाहेर पडत नाहीत म्हणून. आत्ता मार्केटिंगचा माणूस आणलात आणि तो कामाचा निघाला, तर चौदाची वीस होतील एवढंच.

हे चौदा आणि पाच आकडे शेजारी ठेवून बघा. रांगांच्या अभ्यासात एक साधा नियम आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. एखादं काम सरासरी किती काळ आत राहतं ते काढायचं तर आत असलेल्या कामांच्या संख्येला महिन्याला बाहेर पडणाऱ्या कामांच्या संख्येने भागायचं. चौदा भागिले पाच म्हणजे २.८, जवळजवळ तीन महिने. तुम्ही ग्राहकाला शब्द देता महिन्याभराचा. तुमच्या मुली-मुलांनी कितीही मान मोडून काम केलं तरी हा शब्द पाळला जाणार नाही, कारण त्यांचा वेग पाचचाच आहे. उघडी कामं सातवर आणली तर तोच वेग ठेवून काम दीड महिन्याच्या आत बाहेर पडतं. नवीन माणूस नको, रात्रीचे दहा नकोत. प्रत्यक्षात वेगही थोडा वाढतो, कारण एका डिझायनरच्या डोक्यात पाच ग्राहक फिरत असले की दर वेळी फाइल उघडून 'आपण कुठे होतो' हे आठवण्यातच अर्धा तास जातो.

मला हे पुस्तकातून उमगलं नव्हतं. चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्याचं कॅटलॉग करत होतो, तेव्हा फोटोसाठी दोन दिवस त्यांच्या शॉप फ्लोअरवर होते. तिथे प्रत्येक ट्रेला एक कार्ड अडकवलेलं. पुढच्या टप्प्यावरचा माणूस ट्रे उचलायचा आणि कार्ड मागे पाठवायचा. कार्ड आल्याशिवाय मागचा माणूस एकही भाग बनवायचा नाही, मशीन रिकामं दिसलं तरी. मी सुपरवायझरना विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, बनवून ठेवला की तो माल पडून राहतो. मग त्याला जागा लागते, त्याची धूळ झटकावी लागते आणि शेवटी त्यातला निम्मा बदलावा लागतो." टोयोटाने रुजवलेली कानबान पद्धत ती हीच. आमच्या पडून राहिलेल्या डिझाइनचं नेमकं असंच होत होतं. दोन महिने ग्राहकाकडे अडकलेलं पाकीट परत आलं की त्याची किंमत बदललेली असायची, पत्ता बदललेला असायचा.

परत आल्यावर आम्ही भिंतीवर पांढरा बोर्ड लावला. त्यावर पाच खाने: माहिती बाकी, चालू, ग्राहकाकडे, प्रेसकडे, बिल बाकी. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, तिच्यावर डिझायनरचं नाव आणि शेवटची हालचाल झाली ती तारीख. नियम दोनच केले. 'चालू' खान्यात एका डिझायनरच्या नावावर दोनपेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत. आणि 'ग्राहकाकडे' खान्यात दहा कामकाजाचे दिवस चिठ्ठी हलली नाही तर ग्राहकाला आपण कळवायचं की काम थांबवतोय, तुमची माहिती आली की पुन्हा रांगेत घेऊ, तेव्हाची तारीख तेव्हा सांगू. दुसरा नियम वापरायला मला भीती वाटली होती, ग्राहक रागावतील म्हणून. एक-दोघं नाराज झाले. बाकीच्यांनी दोन दिवसांत माहिती पाठवली.

मोबाइलवरची ॲप्स वापरायची तर वापरा, ट्रेलो वगैरे चांगली आहेत. पण भिंतीवरचा बोर्ड पाणी प्यायला जातानाही दिसतो, आणि ग्राहक स्टुडिओत आला की त्यालाही दिसतो. सोमवारी सकाळी त्याच्यासमोर उभं राहून वीस मिनिटं बोलायचं. चहा त्याच्या नंतर.

आता पैशाचा भाग. तो तुम्ही प्रश्नात ओझरता लिहिलाय, पण मला तोच जास्त काळजीचा वाटतो. तुमचा एक तास तुम्हाला कितीला पडतो, हे काढलंय का कधी? उदाहरणासाठी गोल आकडे घेते, तुमचे तुम्ही घाला. तिघांचे पगार मिळून १,१०,०००, तुमचा स्वतःचा पगार ८०,००० (तो धरायलाच हवा, 'उरलं तर घेते' असं करू नका), भाडं २८,०००, आणि सॉफ्टवेअर, वीज, इंटरनेट, सीए, किरकोळ मिळून ३२,०००. झाले अडीच लाख. महिन्याचे कामाचे दिवस चोवीस. माणूस आठ तास बसला तरी बिलात लावता येईल असं काम पाच तासांचंच होतं, बाकी वेळ फोन, दुरुस्त्या, फाइल शोधणं, प्रिंटर यांत जातो. तिघांचे ३६० तास. तुमचे स्वतःचे दिवसाला अडीच धरले तर ६०. एकूण ४२०. अडीच लाख भागिले ४२० म्हणजे एक तास जवळपास ६०० रुपयांना पडला. हा फक्त खर्च झाला, यात नफा नाही, बुडीत बिल नाही.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एक जुनं काम काढून त्याचे तास मोजले होते. मसाल्याच्या चार पाकिटांची मालिका, ४०,००० ला घेतलेली. मोजले तर ९५ तास. वरच्या दराने तो खर्च ५७,००० होतो. त्या ग्राहकाचा आम्हाला फार अभिमान होता, ते काम आम्ही सगळ्यांना दाखवायचो, आणि दर पाकिटामागे खिशातले चार हजारांवर घालत होतो. म्हणून महिनाभर सगळ्यांना तास लिहायला लावा. कुणावर पाळत ठेवायला हे नाही, हे त्यांना आधी नीट सांगा. नाहीतर ते खोटे तास लिहितील आणि तुमचं गणित चुकेल.

तास कुठे जातात ते शोधलंत तर बहुतेक वेळा डिझाइनमध्ये जात नाहीत. ते 'बाबांना दाखवतो' यात जातात. पुण्याच्या आसपासचे बरेच कारखाने आणि खाद्यपदार्थांची दुकानं घरची आहेत. बैठकीला मुलगा येतो, त्याला आवडतं, तीन फेऱ्या होतात, आणि पक्कं करायच्या दिवशी वडील बघून म्हणतात, आपला केशरी रंग कुठे गेला? त्यांचं चूक नसतं. तो केशरी त्यांनी तीस वर्षं सांभाळलेला असतो आणि त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. मी आता पहिल्या बैठकीआधी वडिलांनाच फोन करते. "काका, दुकानाची पाटी तुम्ही लावलीत. पहिल्या बैठकीला अर्धा तास तुम्ही हवे आहात. काय अजिबात बदलायचं नाही तेवढं सांगा, नंतर मधे मधे मी तुम्हाला त्रास देणार नाही." आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. ही एक गोष्ट केलीत तरी तुमच्या दुरुस्त्यांच्या फेऱ्या पुष्कळ कमी होतील.

दुसरी गळती मंजुरीची. २०१६ मध्ये एका फराळवाल्यांच्या पाउचचं काम होतं. वडिलांनी बैठकीत २०० ग्रॅम सांगितलं होतं. पुढे मुलाने व्हॉट्सॲपवर कळवलं, १८० करा. आमच्याकडे पुढच्या बाजूवर १८० झालं, मागच्या माहितीच्या चौकटीत २०० राहिलं. मी ग्राहकांना फोनवर विचारलं, ते गाडीत होते, "हो हो, छान झालंय, पाठवून द्या" म्हणाले, आणि मी पाठवलं. पाउच रोटोग्रॅव्हरवर छापतात, त्यात प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. मशीनवर पहिले काही मीटर निघाले तेव्हा छपाईवाल्यांच्याच माणसाने ते पाहिलं. त्याचे मी आजही उपकार मानते. काळ्या अक्षरांचा सिलिंडर पुन्हा कोरावा लागला, तो खर्च मी दिला, आणि दसऱ्याच्या आधी माल बाजारात जायचा तो दसऱ्यानंतर गेला. निव्वळ वजन चुकीचं छापणं ही नुसती छपाईची चूक नसते, वेष्टनावरच्या मजकुराला वैधमापनशास्त्राचे, म्हणजे वजन-मापांचे, २०११ चे नियम लागू आहेत.

त्यानंतर आमच्याकडे मंजुरीचं एक पान आहे. निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी खूण, बारकोड. प्रत्येक ओळीसमोर ग्राहकाने स्वतः टिक करायची आणि खाली सही. ईमेलने चालतं, फोनवर चालत नाही. घाईत असलेला ग्राहक कटकट म्हणतो, पण मी हटत नाही.

आता तुम्ही ज्याला मार्केटिंग म्हणता त्याकडे येते, आणि सुरुवात शुक्रवारच्या चिठ्ठीपासून करते, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नवीन काम तिने आणलंय. चालू असलेल्या प्रत्येक कामाच्या ग्राहकाला शुक्रवारी दुपारी चारच्या आत तीन ओळी जातात. परवाच गेलेली एक देते, नाव काढून:

"या आठवड्यात: मोठ्या डब्याचा पुढचा भाग पक्का झाला. तुमच्याकडून हवंय: परवाना क्रमांक आणि बारकोड, बुधवारपर्यंत. पुढच्या आठवड्यात: शुक्रवारी डमी बॉक्स हातात देतो, बुधवारी माहिती आली नाही तर डमी त्यापुढच्या बुधवारी."

बस, एवढंच. यात गोड बोलणं नाही, कारणं नाहीत. आठवड्यात काही झालं नसेल तर 'या आठवड्यात काम झालं नाही' असंच लिहायचं. ते लिहायची लाज वाटते, आणि त्या लाजेपायी पुढच्या आठवड्यात काम होतं. ग्राहकाला आपल्याला फोन करून 'कुठपर्यंत आलं' विचारावं लागत नाही. भोसरीच्या एका ग्राहकाने ही चिठ्ठी त्यांच्या बॉक्स पुरवणाऱ्यांना पुढे पाठवली होती, बुधवारची तारीख त्यांनाही लागू होती म्हणून. महिन्याभराने त्या बॉक्सवाल्यांचा फोन आला की आमच्या आणखी दोन पार्ट्या आहेत, त्यांचं काम कराल का. त्यांनी आमचं डिझाइन तोवर पाहिलेलंही नव्हतं.

लहान स्टुडिओला काम मिळतं ते असं, कुणीतरी कुणाला तरी सांगितल्यामुळे. आणि सांगणारा बहुतेक वेळा ग्राहक नसतो. प्रेसवाले, बॉक्सवाले, स्टॉल उभारणारे, सीए, आर्किटेक्ट. नवीन दुकान, नवीन कंपनी, नवीन युनिट होतंय हे यांना तुमच्या आधी कळतं. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रेसमध्ये तुम्ही प्रूफ बघायला जाता, तिथे दहा मिनिटं जास्त थांबा. फाइल नीट देणारा, ब्लीड (कापण्यासाठी कडेला जास्तीची छपाई) सोडणारा, ऐन वेळी मजकूर न बदलणारा डिझायनर प्रेसवाल्यांना हवाच असतो. त्यांच्याकडे वाईट फाइल घेऊन आलेल्या माणसाला ते तुमचा नंबर देतील, कारण त्यात त्यांचाही त्रास वाचतो.

मार्केटिंगसाठी माझी सकाळ गुरुवारची असते. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मशीन बंद, माणसं घरी, आणि मालक बरेचदा ऑफिसात निवांत कागद बघत बसलेले. इतर दिवशी जो माणूस 'नंतर बोलतो' म्हणून फोन ठेवतो तो गुरुवारी साडेअकराला वीस मिनिटं बोलतो. दहा ते एक हे तीन तास बोर्डवर एका चिठ्ठीवर लिहिलेले असतात, ग्राहकाच्या कामासारखे, त्याला जॉब नंबरही आहे. हे तीन तास कुठल्याही कामाला द्यायचे नाहीत. गर्दीच्या महिन्यात तर मुळीच नाहीत.

त्या तीन तासांत करायचं काय? साठ-सत्तर नावांची एक यादी करा. ज्यांचं काम केलंय ते, ज्यांनी विचारलं पण काम दिलं नाही ते, आणि आत्ता सांगितले ते प्रेसवाले, सीए वगैरे. दर गुरुवारी त्यातल्या पाच जणांशी बोलायचं किंवा त्यांना लिहायचं. म्हणजे तीन महिन्यांत सगळ्यांना एक फेरी होते. 'आमचं नवीन काम बघा' असं लिहू नका, त्याला कुणी उत्तर देत नाही. त्यांच्या कामातलं काहीतरी लिहा. मी एका पंप बनवणाऱ्यांना लिहिलं होतं, "तुमच्या कॅटलॉगमध्ये मॉडेल पुढे आणि सुट्या भागांचे नंबर शेवटच्या पानावर आहेत. डीलरला दर वेळी उलटं जावं लागत असेल. पुढची आवृत्ती काढाल तेव्हा हे एकत्र घ्या, आमच्याकडून करा किंवा दुसऱ्या कुणाकडून." पाच महिन्यांनी त्यांचा फोन आला, आवृत्ती काढतोय म्हणून.

इन्स्टाग्रामबद्दल तुम्ही विचारलंय. ग्राहकावर अवलंबून आहे. कॅफे, कपड्यांचे ब्रँड, घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या नवीन मुली हे लोक खरंच तिथे शोधतात, तुम्हाला तसं काम वाढवायचं असेल तर तिथे वेळ घाला. पंप आणि गिअरवाले तिथे मला भेटलेले नाहीत. आमच्या पानावर सगळ्यात जास्त वाहवा विद्यार्थ्यांची आणि दुसऱ्या डिझायनरांची असते. ती मिळाली की बरं वाटतं, इंटर्न चांगले मिळतात, एवढा तिचा उपयोग. कारखानदारांना भेटायचं तर मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेचे कार्यक्रम बघा, आणि मोशीला प्रदर्शन असेल तर जा. डिसेंबरात किसान हे शेतीचं प्रदर्शन असतं तिथे एक अख्खा दिवस घाला. स्टॉल घ्यायची गरज नाही. वाईट माहितीपत्रक हातात देणाऱ्या तीस जणांची कार्डं घेऊन या, त्या पुढच्या सहा गुरुवारचं काम झालं.

आणि पंचांग समोर ठेवून उलटं मोजा. दिवाळीचे गिफ्ट बॉक्स हवे असतील तर डायकटिंग (बॉक्स आकारात कापणं) आणि लॅमिनेशनवाल्यांची रांग लक्षात घेता आर्टवर्क ऑगस्टच्या मध्यात पक्कं लागतं, म्हणजे बोलणं मे-जूनमध्ये. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांतून संध्याकाळी प्रूफ आणता येत नाही, रस्ते बंद असतात, हे वेळापत्रकात आधीच धरा. गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला बिल्डर नवीन प्रकल्प जाहीर करतात. एप्रिल-मे शिक्षणसंस्थांची माहितीपत्रकं. तुमच्या रिकाम्या दोन महिन्यांत कोणतं काम बसतं ते यातून शोधायचं. आम्ही डिसेंबर-जानेवारीसाठी कॅटलॉगची कामं मागून घेतो, कारण मार्चअखेर ती संपवायची कंपन्यांनाच घाई असते.

वसुलीबद्दल थोडक्यात, कारण यातलं बरंच तुमचे सीए सांगतील. काम तीन टप्प्यांत विका: सुरुवातीला ४० टक्के, पहिलं डिझाइन पक्कं झालं की ४०, आणि मूळ फाइल देण्याआधी २०. मागाल तर मिळतं. तुमची जीएसटी नोंदणी असेल (सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपुढे ती लागतेच) तर आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, पाठवा आणि पैसे आले की कर बीजक (टॅक्स इनव्हॉइस) काढा. आधीच बीजक काढलंत तर ग्राहकाने पैसे दिले नसतानाही १८ टक्के तुम्हाला भरावे लागतात. ॲडव्हान्स आला की त्यावरही कर लागतो, तेवढी रक्कम बाजूला काढा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर आजच करा, फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत, असं २००६ चा कायदा सांगतो. २०२३ च्या अर्थसंकल्पापासून तर मुदतीत पैसे दिले नाहीत तर ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापला तेव्हापासून आमची मोठ्या कंपन्यांकडची बिलं लवकर सुटायला लागली, कारण मार्च जवळ आला की त्यांचे अकाउंटंट स्वतःच आठवण करतात. डिझाइनचे हक्क ग्राहकाला देण्याचंही लेखी करा. मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो, ग्राहकाला हे माहीत नसतं आणि पुढे त्यावरून कटुता येते. पूर्ण पैसे मिळाल्यावर कायमचे हक्क, असं एक वाक्य आधीच घाला.

आता तो माणूस. जाहिरात कंपन्यांत या कामाला ट्रॅफिक म्हणतात. डिझायनर घेऊ नका, तो दुसऱ्याचं डिझाइन दुरुस्त करत बसेल. प्रेसमध्ये ऑर्डरी सांभाळलेली, एखाद्या बॉक्सच्या कारखान्यात डिस्पॅच बघितलेली व्यक्ती उत्तम. आमच्याकडे ज्या ताई आहेत त्या आधी एका प्रेसमध्ये काउंटरवर होत्या, मुलं लहान म्हणून नोकरी सोडलेली. अकरा ते चार येतात. बोर्ड, शुक्रवारच्या चिठ्ठ्या, मंजुरीचं पान, बिलांचा पाठपुरावा, हे त्यांचं. "साहेब, बारकोड बुधवारी येणार होता, आज गुरुवार" हे त्या न चिडता, न लाजता रोज विचारू शकतात. मला ते जमत नव्हतं. मी ग्राहकाशी गोड संबंध ठेवायच्या नादात विचारायचं टाळायचे. तुमच्या तीस हजारांतले अर्धे यात जातील, उरलेले पैसे तीन महिने हात न लावता ठेवा, रिकाम्या महिन्यांसाठी.

माझं म्हणणं केव्हा लागू होणार नाही? बोर्ड लावल्यावर असं दिसलं की चौदातली दहा कामं मुळात मेलेली आहेत, खरी चारच चालू आहेत आणि डिझायनर दुपारी रिकामे असतात, तर तुमचा अडथळा काम आणण्याचाच आहे. तेव्हा गुरुवारची एक सकाळ पुरणार नाही, मंगळवारही द्या. किंवा तुमच्या वर्षाच्या बिलांपैकी निम्म्याहून जास्त रक्कम एकाच ग्राहकाकडून येत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी दुसरा आणि तिसरा ग्राहक शोधा, तेही तुम्ही स्वतःच. या दोन्ही वेळी मार्केटिंगच्या नवीन माणसाला मी वर्षभर तरी घेणार नाही, कारण तुमच्या स्टुडिओबद्दल काय सांगायचं हे अजून तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. सात-आठ माणसं झाली, दुसऱ्या कुणालातरी ग्राहकासमोर एकट्याने उभं राहता येऊ लागलं, की हा विचार पुन्हा करा.

तेव्हा या सोमवारी बोर्ड लावा आणि चौदाच्या चौदा चिठ्ठ्या त्यावर लावा, प्रत्येकीवर शेवटच्या हालचालीची तारीख लिहून. कोणत्या खान्यात किती लागल्या आणि सगळ्यात जुनी तारीख कोणती, ते मला कळवा. 'ग्राहकाकडे' खान्यात पाचपेक्षा जास्त असतील तर त्यांना काय लिहायचं त्याचा मजकूर मी तुम्हाला करून देते.